1897 चा प्लेग शोधायचाय? मग 1897 चे शब्द टाका

नमस्कार मंडळी! समजा तुम्हाला 1897 च्या पुण्यातल्या प्लेगवर लिहायचंय. ग्रंथालयाच्या संगणकावर तुम्ही टाकता, '1897 मधील पुण्यातील प्लेगची साथ आणि लोकांचे हाल'. उत्तर येतं, शून्य. लगेच उठू नका! ग्रंथालयाची यादी गूगलसारखा अंदाज बांधत नाही, ती बहुतेक वेळा नुसते शब्द जुळवते.

हा कागद बघा. वाक्यातले कामाचे तीनच शब्द मी वर लिहिलेत: प्लेग, पुणे, 1897. आता प्रत्येकाखाली लिहायचं, तेव्हाची माणसं याला काय म्हणायची?

प्लेगखाली येतं 'ग्रंथिक सन्निपात', 'गाठीचा ताप'. पुण्याखाली 'पूना', इंग्रजीत दोन ओ घालून. 'महाराष्ट्र' टाकून सरकारी कागद सापडायचे नाहीत, कारण राज्य झालं 1960 साली. तिथे 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' टाका. आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, 'सेग्रिगेशन'. रोग्याच्या घरच्यांना उचलून ज्या छावणीत ठेवायचे, तिचं नाव सेग्रिगेशन कॅम्प. आपल्या तोंडी कोविडपासून 'आयसोलेशन' बसलंय, पण नुसता तो शब्द टाकलात तर यातले बरेच कागद हातून निसटतील.

नावांचंही तेच. प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणाऱ्या भावांचं आडनाव घ्या: चापेकर आणि चाफेकर, दोन्ही टाका. इंग्रजीत एच घालून आणि गाळून.

आता खरी किल्ली. एक, फक्त एक चांगलं पुस्तक सापडू द्या. त्याची नोंद उघडा आणि लेखक, प्रकाशक सोडून खाली 'विषय' अशी ओळ असते तिथे या. ग्रंथपालांनी पुस्तक चाळून तो विषय ठरवलेला असतो. त्यावर क्लिक केलंत की त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात, नावात 'प्लेग' हा शब्द नसलेलीसुद्धा! विद्यार्थी ही ओळ वाचतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या मराठी पुस्तकांवर मात्र अनेकदा इसवी सन नसतो, शके असतो. शकात 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत 79. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या 10 मार्च 1897 ला, म्हणजे शके 1818. रँडवर गोळी झाडली गेली 22 जूनला, तोवर पाडवा होऊन शके 1819 लागला होता. म्हणून या एका वर्षासाठी दोन्ही शके टाकून बघायचे.