मिळकतीच्या आलेखापलीकडे

पडद्यावरची ही चढती रेषा म्हणजे कमी रकमेच्या टेबलांवर ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या एका खेळाडूच्या 10,000 डावांची मिळकत आहे. रेषा चढते आहे, म्हणून खेळ चांगला आहे, असा निष्कर्ष मात्र तिच्यावरून काढता येत नाही.

पोकरमधील मिळकत 100 डावांमागे किती बिग ब्लाइंड, या मापात मोजतात. बिग ब्लाइंड ही एका ठरावीक जागेवरच्या खेळाडूला पत्ते वाटण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची रक्कम असल्याने लहान-मोठ्या टेबलांची तुलना तिच्या आधारे करता येते. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये (पैजेच्या रकमेवर मर्यादा नसलेल्या पोकरच्या प्रकारात) 100 डावांमागचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून सहसा किती लांब जातात याचे माप, साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड असते. त्यामुळे ज्याची खरी कुवत 5 बिग ब्लाइंड कमावण्याची आहे, त्याच्या 10,000 डावांच्या सरासरीत निव्वळ नशिबाने 9 बिग ब्लाइंडचा फरक पडणे ही नित्याची गोष्ट ठरते. तो तोट्यात दिसू शकतो आणि त्याच्याहून कच्चा खेळाडू फायद्यात. 1,00,000 डावांनंतरही ही अनिश्चितता 3 च्या आसपास उरते.

पैशाचा आकडा असा उशिरा स्थिरावतो. सवयींचे आकडे मात्र लवकर बोलू लागतात. डावांच्या नोंदी वाचणारे पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजरसारखे सॉफ्टवेअर, खेळाडू किती टक्के डावांत स्वेच्छेने पैसे घालतो आणि किती डावांत फ्लॉपपूर्वी (टेबलावर सर्वांसाठीचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) रेझ करतो, म्हणजे पैज वाढवतो, हे 1,000 डावांतही बऱ्यापैकी नेमके दाखवते. पहिला आकडा 40 आणि दुसरा 8 असेल, तर रोग उघड आहे: हा खेळाडू फार पत्त्यांवर खेळतो आणि त्यातही बहुतेक वेळा नुसता कॉल करतो, म्हणजे समोरच्याच्या पैजेइतकीच रक्कम भरतो. (काही संकेतस्थळे असे आकडे खेळ चालू असताना टेबलावर दाखवू देत नाहीत. शिकणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही, कारण अभ्यास खेळ संपल्यावरच करायचा असतो.)

आता हीच नोंद बसण्याच्या जागेनुसार गाळून पाहू. बिग ब्लाइंडच्या जागेवरचा तोटा पाहून नवखे घाबरतात, पण तिथे प्रत्येक डाव फोल्ड केला (पत्ते टाकून दिले) तर 100 डावांमागे बरोबर 100 बिग ब्लाइंड जातात आणि तिथला तोटा याच आकड्याशी ताडून पाहायचा असतो. समजा, तो 60 वरून 40 वर आणता आला. ही जागा दर सहा डावांत एकदा येत असल्याने एकूण मिळकतीत 100 डावांमागे तीनहून अधिक बिग ब्लाइंडची भर पडते, आणि कमी रकमेच्या टेबलांवर ही भर मोठीच म्हणावी लागेल.

पुढची गाळणी रिव्हरवरच्या, म्हणजे टेबलावरचा पाचवा आणि शेवटचा पत्ता उघडल्यानंतरच्या, कॉलची. या डावात आपल्याकडे राजा आणि दहा, टेबलावर राजा, नऊ, चार, दोन, सात. पॉटमध्ये (जमलेल्या पैशांत) 10 बिग ब्लाइंड असताना प्रतिस्पर्धी आणखी 10 लावतो. 20 जिंकण्यासाठी 10 भरायचे असल्याने कॉल परवडण्यासाठी तीनपैकी एकदा जिंकावे लागते. या एका डावात काय घडले, याला महत्त्व नाही. असे सगळे कॉल एकत्र काढले आणि त्यांतले जिंकलेले एक तृतीयांशाहून बरेच कमी निघाले, तर ‘हा नक्की ब्लफ करतोय’ ही भावना महागात पडते आहे. या टेबलांवर रिव्हरला मोठी रक्कम लावणाऱ्याकडे बहुधा खरेच चांगले पत्ते असतात.

रेकचा, म्हणजे संकेतस्थळ पॉटमधून कापून घेते त्या रकमेचा, हिशेबही यातच येतो. तो पॉटच्या टक्केवारीने घेतला जातो आणि त्याला वरची मर्यादा असते. लहान पॉट त्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोहोचतात, म्हणून बिग ब्लाइंडच्या मापात त्याचा भार कमी रकमेच्या टेबलांवरच अधिक पडतो. बहुतेक ठिकाणी फ्लॉप न उघडता संपलेल्या डावावर रेक लागत नाही. स्मॉल ब्लाइंडमधून (बिग ब्लाइंडच्या आधीच्या, लहान सक्तीची रक्कम भरणाऱ्या जागेवरून), फ्लॉपनंतर सर्वांत आधी बोलण्याची गैरसोय पत्करून केलेले कॉल म्हणूनच वेगळे काढून तपासावेत: त्यांतले किती डाव फोल्ड करण्याजोगे होते, आणि किती ठिकाणी रेझ करून फ्लॉपआधीच पॉट उचलता आला असता.