तिसऱ्या दिवसाचा सीआरपी

ऑक्सफर्डमधील ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली कॉर्टिसोन या स्टिरॉइड औषधाच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होऊन व्रण पडण्याचा आजार, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, या औषधाने आटोक्यात येतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी आजार तीव्र केव्हा म्हणायचा, हे आधी ठरवणे भाग होते. त्यांच्या निकषांचे आज रूढ असलेले रूप असे आहे: दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि जोडीला ताप, ९० च्या वर नाडी, १०.५ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर यांपैकी किमान एक लक्षण.

उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, ते ईएसआर सांगतो. दाह असताना रक्तातील फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते, पेशींच्या चळती होतात आणि त्या लवकर खाली बसतात. अडचण अशी, की नुसत्या रक्तक्षयानेही ईएसआर वाढतो आणि या रुग्णांच्या शरीरातून तर रोजच रक्त जात असते. शिवाय दाह ओसरला तरी हा आकडा सावकाश उतरतो.

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, या बाबतीत अधिक चपळ आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. दाह झालेल्या आतड्यातील प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-६ सारखे संदेश रक्तात सोडतात, आणि ते पोहोचताच यकृत सीआरपी तयार करू लागते. संदेश थांबले, की सुमारे १९ तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. त्यामुळे स्टिरॉइड लागू पडत आहे की नाही, हे दोन-तीन दिवसांतच दिसू शकते.

ऑक्सफर्डमध्येच १९९६ साली नेमके हे तपासले गेले. उपचाराच्या तिसऱ्या दिवशीही आठपेक्षा अधिक वेळा शौचास जावे लागणाऱ्या, किंवा तीन ते आठ वेळा जावे लागत असून सीआरपी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के जणांचे मोठे आतडे रुग्णालयातील त्याच मुक्कामात काढावे लागेल, असा तो निष्कर्ष होता. इन्फ्लिक्सिमॅबसारखी दाह रोखणारी नवी औषधे आल्यानंतर हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही. तिसऱ्या दिवशी थांबून पुढचा निर्णय घेण्याची शिस्त मात्र टिकली, आणि माझ्या मते तेच त्या अभ्यासाचे खरे देणे आहे.

क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजारात दाह आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो, म्हणून सीआरपी सहसा जास्त चढतो. कोलायटिस अस्तरापुरता राहतो, आणि व्रण उघड दिसत असतानाही कधीकधी अहवाल सामान्य येतो. काहींच्या जनुकांमुळे त्यांच्या शरीरात हे प्रथिन मुळातच कमी तयार होते. उलट बाजूने, संसर्गानेही ते वाढते. भारतात क्रोन्ससारखाच दिसणारा आतड्याचा क्षयरोग असतो, आणि सीआरपीच्या जोरावर या दोहोंत फरक करता येत नाही. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर हाही दाहाचा एक निदर्शक आहे; तो साध्या रक्तगणनेतून फुकट मिळतो खरा, पण स्टिरॉइड स्वतःच न्यूट्रोफिल वाढवतात आणि लिम्फोसाइट घटवतात, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर त्याचा अर्थ जपून लावावा लागतो.

म्हणूनच रक्ताच्या जोडीला शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिन मोजतात. हे न्यूट्रोफिलमधील प्रथिन थेट आतड्यातून येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'काम' (CALM) या चाचणीत क्रोन्सच्या २४४ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचे उपचार प्रामुख्याने लक्षणे पाहून वाढवले. दुसऱ्यात सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमवर किंवा कॅलप्रोटेक्टिन ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमवर पोहोचले, तर रुग्णाला बरे वाटत असतानाही वाढवले. ४८ आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा आतड्याचे अस्तर पहिल्या गटात ३० टक्के, तर दुसऱ्यात ४६ टक्के रुग्णांमध्ये भरून आले होते.