हान्या ते इराक्लिओ: डावीकडची खिडकी

नमस्कार श्रोतेहो.

ग्रीसच्या सहलीत क्रीट बेटावर जाणार असाल, तर आज मी तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहे. हान्याहून इराक्लिओला जाताना भाड्याची गाडी घेऊ नका. बसने जा, आणि डावीकडच्या खिडकीशी बसा.

क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी साधारण 260 किलोमीटर, आणि रेल्वे नाही. उत्तर किनाऱ्याने एक मोठा रस्ता जातो आणि त्यावर महत्त्वाची शहरं आहेत: पश्चिमेला हान्या, मध्ये रेथिम्नो, पुढे इराक्लिओ. हान्या ते इराक्लिओ सुमारे 140 किलोमीटर, बसला पावणेतीन-तीन तास लागतात. या बसगाड्यांना केटेल म्हणतात. आपल्याकडे जशी एसटी, तशी तिथे केटेल. उन्हाळ्यात जवळजवळ तासातासाला मिळते. तुम्ही पूर्वेकडे निघालात म्हणजे समुद्र डाव्या हाताला. म्हणून डावीकडची खिडकी. उजवीकडे डोंगर आहेत, आधी लेफ्का ओरी आणि मग प्सिलोरिटिस, दोन्ही 2,400 मीटरच्या वर. तेही सुंदरच, पण समुद्र डावीकडे.

गाडी का नको? त्या रस्त्यावर हळू जाणाऱ्याने कडेच्या पट्टीवर सरकायचं आणि मागच्याला वाट द्यायची, असा तिथला रिवाज आहे. शिवाय वाहन उजव्या बाजूने चालवायचं. सुट्टीत तो ताण कशाला घ्यायचा? आणि स्वतःच्या गाडीत माणसं आपसातच बोलत राहतात. बसमध्ये गाव भेटतं.

ते कसं, ते ऐका. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई मे महिन्यात या बसमध्ये होतो. चालकाच्या शेजारी सुतळीने बांधलेलं एक मोठं खोकं होतं. तिथे बसमधून घरगुती पार्सलं जातात. रेथिम्नो मागे पडलं आणि एका थांब्यावर चालकाने बस उभी केली. खोकं घ्यायला कुणीच नाही. त्याने हॉर्न वाजवला, फोन लावला, कुणी उचलेना. मग पुढच्या बाकावरच्या काळ्या कपड्यातल्या आजी उठल्या. वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी त्या छातीवर क्रूस करत आल्या होत्या. त्यांनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि मोठ्याने काहीतरी सांगितलं. अख्खी बस बोलायला लागली! शेजारची कॉलेजातली मुलगी आम्हाला इंग्रजीत सांगत होती: हे घराणं आजींच्या वन्संच्या गावचं आहे, आणि उद्या 21 मे, संत कॉन्स्टन्टिनोस आणि एलेनी यांचा दिवस. तिथे वाढदिवसाइतकाच, किंबहुना जास्तच, हा नावाचा दिवस साजरा करतात. त्या घरातला नातू त्याच नावाचा, म्हणून त्याच्या आजीने खाऊ पाठवलाय.

आजींनी आपल्या वन्संना फोन लावला. वन्संनी शेजारणीला हाक मारली. ते आम्हाला फोनमधूनही ऐकू आलं! थोड्या वेळाने टेकडीवरून धुरळा उडवत एक पिकअप आली. त्या नातवाचे वडील उतरले. चालकाने त्यांना असं काही झापलं म्हणता! ते हसत राहिले, तिथेच सुतळी सोडली आणि खोकं बसमध्ये फिरवलं. आत कालिचूनिया, म्हणजे चीज भरून भाजलेल्या छोट्या करंज्या. जाऊबाईंनी मुलीला विचारलं, "यात मटण नाही ना गं?" ती म्हणाली, "नाही, मिझिथ्रा चीज आणि पुदिना." जाऊबाईंनी दोन खाल्ल्या आणि एक रुमालात बांधून घेतली. विमान गाठायची घाई असलेलं एक जोडपं होतं, तेही खाताना घड्याळ विसरलं. मला विचाराल तर कानात इयरफोन घालून बसणाऱ्याने अशा बसचं निम्मं तिकीट वाया घालवलं.

आता भराभर उरलेलं. विमान किंवा बोट असेल तर एक बस आधीची धरा. मोठी बॅग खालच्या कप्प्यात द्या. पाणी, टोपी, औषधं जवळ ठेवा. वेळ असेल तर रेथिम्नोला उतरा, व्हेनिसवाल्यांचा किल्ला बघा आणि पुढची बस घ्या. तिथे ग्रीक कॉफी प्या, पण सावकाश. गाळ खाली बसू द्या, ढवळू नका, तळाशी आलात की थांबा. कॉफी उभ्याउभ्या संपवणं मला मुळीच पटत नाही.

इराक्लिओला बस बंदराजवळ सोडते. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा तिथून 5 किलोमीटर, शहर बस क्रमांक 2. 1900 साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने तिथे मोठं उत्खनन सुरू केलं. त्याआधी 1878 मध्ये इराक्लिओच्याच मिनोस कालोकेरिनोस यांनी तिथे खोदलं होतं, आणि त्यांचं नाव घ्यायलाच हवं. आधी शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा, मग राजवाडा. भित्तिचित्रांचे अस्सल तुकडे संग्रहालयात आहेत, राजवाड्यात त्यांच्या नकला.

परत हान्याला येताना मात्र समुद्र उजवीकडे. जाताना डावी, येताना उजवी. नमस्कार.