जाड मुलाचा डबा वेगळा नको

(विलेपार्ले येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण वही-पेन घेऊन आलेत. सोमवार ते शनिवार काय द्यायचं याचा तक्ता हवा असणार. पदार्थ मी सांगणारच आहे, पण त्याआधी एक विनंती करते. घरात दोन मुलं असतील, एक सडपातळ आणि एक अंगाने भरलेलं, तर दोघांच्या डब्यात एकच पदार्थ जाऊ दे. धाकट्याला बटाट्याचा पराठा आणि ताईला नुसती काकडी, असं करू नका. मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा सगळा बाक बघत असतो. आपल्याच डब्यात काकडी का आहे, हे नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं. मग ती डबा उघडत नाही, किंवा मैत्रिणीच्या डब्यातलं खाते. दुपारी व्हॅनमधून उतरते ती भुकेने कासावीस होऊन, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं वेफर्सचं पाकीट संपतं. सकाळी वाचवलेलं सगळं दुपारी दामदुपटीने पोटात जातं.

मुलाचं वजन खरंच जास्त आहे का, हे आधी नीट मोजून घ्या. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी वाढीचे सुधारित तक्ते दिले. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. वय, उंची आणि वजन एकत्र पाहूनच निष्कर्ष निघतो. मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा, आकडा मुलांना लावायचा नसतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. वाढत्या वयातल्या बऱ्याच मुलांचं वजन उतरवावं लागत नाही. वजन आहे तिथे राहिलं आणि उंची वाढत गेली, तरी प्रमाण सुधारतं. म्हणून मुलाला उपाशी ठेवायचं कारणच नाही. वजन फारच जास्त असेल तर काय करायचं, ते डॉक्टर ठरवतील.

जाडी थायरॉइडच्या हार्मोनमुळे असेल का, असं मला नेहमी विचारतात. हार्मोन्समुळे येणारा लठ्ठपणा मुलांमध्ये कमी दिसतो, आणि तशा मुलांची उंचीही बहुधा खुंटलेली असते. जाडी वाढतेय आणि उंची थांबलीय असं दिसलं तर तपासणी लांबवू नका. मानेवर, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसली तरी दाखवा. तो मळ नसतो. आया ती मान घासून घासून लाल करतात, मुलं रडतात. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते.

आता डबा. मधली सुट्टी छोटी असते. हात धुणं, नळावरची रांग, बोलणं यात खायला जेमतेम दहा मिनिटं उरतात. त्यामुळे पदार्थ हातात धरून खाता यायला हवा, गार झाल्यावरही चांगला लागायला हवा आणि त्याने पोट भरायला हवं. पोट भरलेलं राहतं ते प्रथिनांनी आणि चोथ्याने. आपल्या डब्यांत नेमकी यांचीच कमतरता असते. जॅम-ब्रेड, नूडल्स, साबुदाण्याची खिचडी, साखर-तूप लावलेली पोळी यांनी तासाभरात पुन्हा भूक लागते.

मला स्वतःला मुगाच्या धिरड्याचा डबा फार आवडतो. हिरवे मूग रात्री भिजवायचे, सकाळी आलं, मिरची आणि मूठभर पालक घालून वाटायचे. मुरलेल्या बिडाच्या तव्यावर अर्धा चमचा तेल पुरतं. आत किसलेलं पनीर आणि किसलेलं गाजर पसरायचं, गुंडाळी करायची आणि मधोमध कापायची. हिरव्या धिरड्यात नारिंगी गाजर दिसतं आणि मुलं आपणहून उचलतात. मात्र गरम धिरडं डब्यात कोंबून झाकण लावू नका. मुंबईच्या दमट हवेत वाफेचं पाणी सुटतं, धिरड्याचा लगदा होतो आणि डबा तसाच परत येतो. पाच मिनिटं जाळीवर निवू द्या.

मटकीची उसळ द्यायची तर अंगाबरोबर रस ठेवा आणि पोळीत भरून द्या. कांदेपोह्यांत पोहे निम्मे आणि बाकी मटार, गाजर, फरसबी, मोड आलेले मूग. शाळेत अंडं चालत असेल तर पोळीला चिकटवलेलं ऑम्लेट उत्तम, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. कोबीचं थालीपीठ, नाचणीचं घावन, भाज्या घातलेली इडली, हे सगळं आपल्याच घरातलं आहे. तेल मात्र चमच्याने मोजून घाला. बुधलीतून ओतलं की अंदाज राहत नाही, आणि एका छोट्या चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात. काकडीला घरून मीठ लावू नका, पाणी सुटतं. सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळलं तर त्या काळ्या पडत नाहीत. पेरूला चिमूटभर चाट मसाला लावा.

फळांबद्दल स्पष्ट सांगते. केळं, चिकू, आंबा जाड मुलांना बंद, असं घरोघरी ऐकते, ते मला पटत नाही. अख्खं फळ द्या. बंद करायचंच असेल तर रसाचा खोका बंद करा. २०० मिलीच्या खोक्यावर १०० मिलीमागे १३ ग्रॅम साखर लिहिलेली असेल तर सबंध खोक्यात २६ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे की, वरून घातलेली आणि रसातली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या खाली. १६०० कॅलरी घेणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम. एक खोका प्यायला की ती मर्यादा ओलांडली. बाटलीत पाणी द्या.

नियम आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड काढायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकता येत नाहीत. पण आपली मुलं त्या ५० मीटरच्या पुढे चालत जातात.

म्हणून दुसरा डबा महत्त्वाचा. शाळा सुटल्यावर क्लास, क्लासनंतर आणखी एक क्लास, आणि दोन्हींच्या मध्ये वडापाव, फ्रँकी, चायनीज भेळ. माझ्या मते मुंबईतल्या मुलांचं वजन शाळेच्या डब्यापेक्षा या वेळेत जास्त वाढतं. क्लासच्या पिशवीत छोटी डबी असू दे. फुटाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं कणीस, किंवा कुरमुरे आणि चिरलेला कांदा-टोमॅटो वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे भेळ तिथेच कालवता येईल.

हे सगळं पहाटे करणार कोण? विरारहून सहाची गाडी पकडणाऱ्या आईने हा प्रश्न विचारला तर तो अगदी रास्त आहे. मूग भिजवणं, भाजी चिरणं, पीठ मळणं ही रात्रीची कामं बाबांनी घ्यावीत. मुलालाही रविवारी मंडईत न्या आणि दोन भाज्या त्याला निवडू द्या. आजी-आजोबांना मात्र प्रेमाने सांगा, की कौतुक म्हणून तूपसाखर भरवू नका आणि चिडवून ‘जाड्या’ही म्हणू नका. घरात ते नाव पडलं की मूल चारचौघांत जेवायला लाजतं आणि एकटं असताना लपून खातं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, वर्गातल्या वाढदिवसाच्या केकचं काय करायचं? खाऊ द्या. सगळ्यांबरोबर, मजेत. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात कपात करून हिशेब चुकता करू नका. मुलाला रोज वजनकाट्यावर उभं करू नका. तीन महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही मोजा, वाढीच्या तक्त्यावर मांडा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.