थबकलेला पारा

श्रोतेहो, नमस्कार.

स्टीलच्या पातेल्यात बर्फाचे खडे घेऊन त्यांत प्रयोगशाळेतली तापमापी धरली आणि पातेले मंद आचेवर ठेवले, तर बर्फ भराभर वितळू लागतो. परंतु आपण ढवळत राहिलो, तर शेवटचा खडा वितळेपर्यंत पारा शून्य अंशाच्या आसपासच थबकलेला दिसतो. नंतर तो चढू लागतो आणि 100 अंशांना पाणी उकळले की पुन्हा थांबतो. आच वाढवली, तर पाणी लवकर आटते, पण अधिक तापत नाही. शाळेत हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मनात आलेला प्रश्न मला अजून आठवतो: खालची ज्योत तर सतत उष्णता देते आहे, मग ती जाते कुठे?

हाच प्रश्न 1761 च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात रसायनज्ञ जोसेफ ब्लॅक यांना पडला होता. बर्फ वितळण्याच्या बेतात आला की थोडीशी उष्णता मिळताच तो सगळा पाणी होतो, अशी तेव्हा समजूत होती. ब्लॅक यांचे म्हणणे असे, की हे खरे असते, तर डोंगरावरचे सारे हिम वसंतातल्या पहिल्या उबेसरशी एकदम वितळून पूर आले असते. मग त्यांनी काचेचे दोन सारखे चंबू घेतले. एकात बर्फ होता आणि दुसऱ्यात तेवढेच, बर्फाइतकेच थंड पाणी. दोन्ही चंबू त्यांनी एका मोठ्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात फॅरनहाइट मापाने 33 वरून 40 अंशांवर आले. बर्फाला वितळून त्याच 40 अंशांवर यायला साडेदहा तास लागले. म्हणजे एकवीस पट वेळ! दालनातली हवा दोघांनाही सारखीच उष्णता देत होती, हे गृहीत धरून त्यांनी हिशेब मांडला आणि नुसत्या वितळण्यासाठी किती उष्णता लागली ते काढले. 1 ग्रॅम पाणी 1 अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी; या मापात तो आकडा दर ग्रॅमला सुमारे 77 कॅलरी येतो. आधुनिक उपकरणांनी मोजलेला आकडा 80 च्या जवळ आहे. दोन चंबू, एक तापमापी आणि घड्याळ एवढ्याच सामग्रीवर साधलेली ही अचूकता मला आजही थक्क करते. तापमापीला न दिसणाऱ्या या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो.

ही उष्णता दडते कुठे, याचे खरे उत्तर मात्र त्या काळात मिळणे कठीण होते, कारण उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे, असेच बहुतेक रसायनज्ञ मानत होते. 1789 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ लव्हॉझिए यांनी मूलद्रव्यांची यादी केली, तिच्यातही उष्णतेला जागा होती. उत्तर मिळायचे, तर पदार्थ कणांचा बनलेला आहे, हे आधी पटायला हवे होते. पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून बनतो. बर्फात हे रेणू आपापल्या जागी, एका ठरावीक रचनेत एकमेकांना धरून असतात आणि जागच्या जागी कंप पावतात. तापमान हे या हालचालीचे माप आहे. बर्फ वितळताना मिळणारी उष्णता रेणूंची हालचाल वाढवण्यात खर्च होत नाही, ती त्यांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात खर्च होते; म्हणून पारा हलत नाही. पाण्याची वाफ होताना तर ती पकड जवळजवळ पूर्ण सोडवावी लागते, आणि त्यासाठी दर ग्रॅमला 80 नव्हे, सुमारे 540 कॅलरी लागतात. या सगळ्यात रेणू स्वतः तुटत नाही. बर्फ, पाणी आणि वाफ या तिन्हींमध्ये तोच रेणू असतो.

वाफेत साठलेली ही उष्णता वाफेचे पाणी होताना परत मिळते. म्हणूनच गणेशचतुर्थीला चाळणीवर, हळदीच्या पानावर ठेवलेले उकडीचे मोदक पाण्याला न टेकता दहा-पंधरा मिनिटांत शिजतात. वाफ मोदकाच्या गार पारीवर थेंब होऊन बसते आणि तिच्यातली उष्णता उकडीला देते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा भयंकर असतो, त्याचेही कारण हेच आहे. उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना दर ग्रॅमला 63 कॅलरी देते, वाफ त्याआधीच 540 देऊन मोकळी होते. मोदकपात्राचे झाकण उघडताना मुलांना लांब ठेवावे, ते यासाठी.

माठात हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. ज्या मातीच्या भांड्यात आपण पाणी ठेवतो, त्यावरून आपल्याकडे परमाणूंचा एक जुना वाद झालेला आहे: कच्चे मडके भट्टीत तांबडे होते, तेव्हा अग्नी त्याच्या सुट्या परमाणूंवर काम करतो, की सबंध मडक्यावर? प्राचीन भारतीय दर्शनांपैकी वैशेषिक दर्शन मानणाऱ्या वैशेषिकांनी पहिली बाजू घेतली, न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी दुसरी. हा वाद तर्काचा होता, तराजूचा नव्हता. तरी प्रश्न नेमका होता, याचे मला अप्रूप वाटते.

भाजलेल्या मडक्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते आणि पृष्ठभागावरचे सर्वांत चपळ रेणू हवेत निसटतात. चपळ गेले, की मागे उरलेल्यांची सरासरी हालचाल मंदावते, म्हणजेच पाणी निवते. उन्हाळ्याच्या तापमानाला 1 ग्रॅम पाणी असे उडून गेले, तर 100 ग्रॅम पाणी पाच-सहा अंशांनी थंड व्हावे एवढी उष्णता ते सोबत नेते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजली, की पाझर थांबतो आणि त्यातले पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. आणि मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या उन्हात माठ जेवढा गार होतो, तेवढा मुंबईच्या दमट हवेत होत नाही, कारण तिथल्या हवेत पाण्याचे रेणू आधीच दाटलेले असतात, आणि माठावरून जितके निसटतात, त्यांतले बरेचसे माघारी येतात.