टॉप गन : मिग-२८ आणलं कुठून?

(दृश्य : मरीन ड्राइव्हचा कठडा. समुद्रावरून घरघर जवळ येते, सगळ्या माना वर.)

कुर्ला-सांताक्रूझच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती असल्या की कठड्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि त्या गर्दीत एव्हिएटर गॉगल लावलेला एक तरी काका हटकून दिसतो. त्याच्या डोक्यात १९८६ पासून एकच पिक्चर चालू आहे : अमेरिकी नौदलाच्या लढाऊ वैमानिकांवरचा 'टॉप गन'.

खरं तर त्यातली पहिली थाप मराठी माणसानंच पकडायला हवी होती. शत्रूचं विमान म्हणे मिग-२८! अहो, मिग आपल्याला नवीन का आहे? नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ तयार व्हायची. २१, २३, २५, २७, २९ : आपल्या हवाई दलानं सगळी वापरली, आणि सगळे आकडे विषम. मग हे २८ आलं कुठून? पडद्यावर दिसतं ते अमेरिकेचंच एफ-५, काळा रंग फासलेलं. शीतयुद्ध चालू असताना कॅलिफोर्नियात खरं सोव्हिएत मिग कोण आणून देणार? तरी ही निवड अगदीच हवेतली नव्हती. नौदलाच्या खऱ्या टॉपगन प्रशाळेतही सरावाला 'शत्रू' म्हणून एफ-५ यायचं.

(दृश्य : प्लॅस्टिकची दोन खेळण्यातली विमानं, एक दुसऱ्यावर उलटं धरलेलं.)

आता तो प्रसिद्ध सीन. नायकाचं एफ-१४ विमान उलटं होऊन मिगच्या डोक्यावर तरंगतं आणि मागे बसलेला त्याचा जोडीदार गूज फोटो काढतो. खेळण्यातली विमानं घेऊन करून बघा. एफ-१४ च्या पाठीवर दोन उंच शेपट्या असतात, उलटं केलं की त्याच आधी खाली येतात. फोटो राहिला बाजूला, मिगची काच फुटायची!

आणि नायक झालेल्या टॉम क्रूझनं विमान चालवलं का? नाही. नौदलानं त्याला एफ-१४ च्या मागच्या सीटवर बसवलं, चालवायला दिलं नाही. कॉकपिटमधले बहुतेक क्लोजअप जमिनीवर, सांगाड्यात बसून घेतलेले आहेत. खरी क्षेपणास्त्रं सोडायची परवानगी मिळाली फक्त दोन. तीच वेगवेगळ्या कोनांतून दाखवली, बाकीची छोटी मॉडेल्स. उड्डाणं मात्र खरी, नौदलाच्या वैमानिकांनी केलेली, आणि त्यांचं तासागणिक बिल निर्मात्यांच्या नावे.

बिलावरून आठवलं. शूटिंग यूएसएस एंटरप्राइज या विमानवाहू जहाजावर. आपली जुनी विक्रांत मुंबईत संग्रहालय होती तेव्हा तिच्या डेकवर फिरला असाल, तर एवढंच सांगतो : ही तिच्या दीडपटीहून लांब, ३४२ मीटर. दिग्दर्शक टोनी स्कॉटला मावळतीचा उजेड पाठीमागून हवा होता, आणि नेमकं तेव्हाच जहाज वळलं. परत वळवायचा खर्च विचारला, तर २५,००० डॉलर. त्यानं तिथल्या तिथे चेक फाडला आणि आणखी पाच मिनिटांचं शूटिंग मिळवलं. हा किस्सा त्याचा स्वतःचाच, तेव्हा थोडं मीठमसाल्याचं धरून चाला.

(दृश्य : मोकळा समुद्र. संगीत थांबतं.)

पुढच्या गोष्टीत मीठमसाला नाही. गूजचा जीव घेणारी ती गिरकी आठवते? विमान सपाट अवस्थेत, भोवऱ्यासारखं फिरत खाली जातं. गिरकीची तशी दृश्यं हवेतूनच टिपायला आर्ट शॉल नावाचा कसरतपटू वैमानिक पिट्स या छोट्या दुपंखी विमानाला कॅमेरे लावून वर गेला. १६ सप्टेंबर १९८५, कॅलिफोर्नियाचा किनारा. त्यानं मुद्दाम गिरकी घेतली, ती सुटलीच नाही. रेडिओवर त्यानं अडचणीत असल्याचं सांगितलं आणि विमान पॅसिफिकमध्ये गेलं. ना विमान सापडलं, ना तो.

चित्रपट त्यालाच अर्पण केला आहे. ती ओळ शेवटच्या श्रेयनामावलीत येते. आपण तोवर उठून, खुर्च्यांमधून वाट काढत, जिन्याकडे निघालेलो असतो.