फाल्गुनातली अमावस्या, पवनीच्या पुढं

[महामार्ग, ट्रकांचे दिवे, मग फाटा आणि अरुंद डांबरी रस्ता]

नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाला लागलं की आधी मनसर, मग पवनी. पवनीच्या फाट्यावर गाडी सिल्लारीकडे वळते आणि ट्रकांची रांग मागं राहते. हा पेंच व्याघ्र प्रकल्पाचा परिसर. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं रान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातलं हे पहिलंच.

जंगलाच्या हद्दीबाहेर, हरभरा काढून मोकळ्या झालेल्या एका वावरात आज दुर्बिणी लागतायत. नागपूर, वर्धा, अमरावतीहून आलेली हौशी मंडळी आहेत. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण मोटार वायंडिंगवाला. उद्या गुढीपाडवा. गुढी उभारायच्या आत घरी पोचतो, असा शब्द देऊनच बहुतेक जण निघालेत.

[लाकडी पेटीवर नळी बसवणारे हात]

ही प्लायवूडची पेटी म्हणजे डॉब्सोनियन दुर्बीण. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होता. तिथं राहून आरसे घासायचा, साध्या लाकडाच्या खोक्यात दुर्बिणी बसवायचा, आणि १९६७ मध्ये मठ सुटल्यावर त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. आज वावरात उभ्या असलेल्या निम्म्या दुर्बिणी त्याच्याच घडणीच्या.

अमावस्येलाच का, असं शेजारच्या धुऱ्यावरून एक-दोघांनी विचारून झालंय. चंद्र नको म्हणून, हे उत्तर त्यांना पटलेलं दिसत नाही.

पण हीच अमावस्या का, याचं कारण वेगळं आहे. चार्ल्स मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे धुरकट ठिपके त्यानं यादी करून ठेवले, पुन्हा फसायला नको म्हणून. आज त्या यादीत ११० नोंदी आहेत. मार्चच्या उत्तरार्धात सूर्य आकाशाच्या अशा भागात असतो, जिथं यादीतलं फारसं काही नाही. त्यामुळं एका रात्रीत सगळी यादी पुरी करायची संधी मिळते. याला म्हणतात मेसिए मॅरेथॉन. त्यानं जे टाळण्यासाठी लिहून ठेवलं, त्याच्याच मागं ही माणसं रात्रभर लागणार.

[पश्चिमेचं क्षितिज, धूसर पट्टा]

सुरुवातच अडखळते. मोहफुलांचा हंगाम आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्याचा धूर क्षितिजावर साचून राहतो. यादीतली ७४ क्रमांकाची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दूरचा पसारा, मुळातच फिकट, त्यात संध्याकाळी पश्चिमेला टेकलेली. ती धुरातच गेली. मॅरेथॉनवाले चरफडतात. बाकीच्यांना मात्र मावळतीच्या वर चढत गेलेला एक फिकट, तिरपा उजेड दिसतो. ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतलेला हा सूर्यप्रकाश. नागपुरात तो दिसायचा प्रश्नच नाही.

अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद, रबरबँड लावून. कुणाच्या तरी गाडीचं दार उघडतं, आतला दिवा लागतो, आणि चारी बाजूंनी एकदम ओरडा होतो.

[चूल, राखेतून काढलेले रोडगे]

जेवणात रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. चूल मुद्दाम गोठ्याच्या आड मांडलीय.

वावराचे मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना काका म्हणतात. शेतीची लाइन कितीतरी वर्षं रात्रीच येते, तेव्हा गव्हाला पाणी द्यायला आणि रानडुकरांच्या जागलीला त्यांच्या निम्म्या रात्री बाहेरच गेल्या. मृगाच्या तीन ताऱ्यांना ते पेरणीची तिफन म्हणतात. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे खाट, मागचे तीन चोर. गोंड वस्त्यांमध्येही ही चोरांची गोष्ट सांगतात. काका भिंगाला डोळा लावतात. समोर मृगातला तेजोमेघ, वायू आणि धुळीचा उजळलेला ढग, सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरचा. बराच वेळ ते हलत नाहीत.

“हे तं आमी रोजच पाह्यतो. पन त्याच्या मांगं एवढं काई असन, हे नोतं मालूम.”

[दक्षिणेचं क्षितिज, केशरी झाक]

दक्षिणेला ही केशरी झाक नागपूरची. त्याच बाजूला कोराडी, खापरखेडा. वीज तिथं तयार झाली आणि भारनियमन इथल्या गावांनी सोसलं. आता कुठं चौकात हायमास्ट लागलाय, तर शहरातून आलेल्या पाहुण्यांनी ‘दिवे बंद करा’ म्हणावं, हे मला तरी बरं वाटत नाही. रात्री पायाखाली साप असतो, बिबट्या गोठ्यापर्यंत येतो. पेंचमध्ये तसं कुणी म्हटलंही नाही. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांत शंभराहून जास्त दिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे वळवला. आकाशात जाणारा उजेड तसाही कुणाच्या कामाचा नव्हता.

मध्यरात्रीनंतर कन्या राशीतल्या दीर्घिका. तिथं पाच कोटी प्रकाशवर्षांपलीकडं हजाराहून जास्त दीर्घिकांचा थवा आहे. भिंगात मात्र एकामागून एक फिके ठिपके, सरळ रोखून पाहिलं की गायब, जरा तिरकं पाहिलं की हजर. इथं मॅरेथॉन मंदावते, भांडणं होतात. दीडच्या सुमारास यादी बाजूला ठेवून सगळे दक्षिणेला वळतात. क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा गोळा. साध्या डोळ्यांनाही पुसट तारा म्हणून दिसतो. पॅरिसच्या क्षितिजावर तो येतच नाही, त्यामुळं मेसिएच्या यादीतही नाही. आपल्याकडं अक्षांश कमी, हा विदर्भाचा फायदा.

[पहाट; टोपल्या घेऊन चाललेल्या बाया]

साडेचारला मोह वेचणाऱ्या बाया धुऱ्यावरून जातात. यादीतली सगळ्यात शेवटी उगवणारी ३० क्रमांकाची नोंद वर येईपर्यंत फटफटतं. ती कुणालाच मिळत नाही.

काकांच्या मोटारीच्या खोलीवर उघडा बल्ब होता. काल संध्याकाळी वायंडिंगवाल्यानं तेलाचा पिपा कापून त्याला टोपी बसवली. उजेड आता नीट स्टार्टरवर पडतो, म्हणून काकांनी ती काढू दिली नाही. शेजारच्या वावरवाल्यानं दोन मागितल्यात. पिपे त्याचे, कापून वायंडिंगवाला देणार.